ट्यून केलेल्या टर्बो गाडीत व्हॉल्व्ह खराब झाला आहे का? हेड उतरवण्यापूर्वी करायच्या तपासण्या

ट्यून केलेली टर्बो गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करू लागली, म्हणजे त्यातले मिश्रण नीट पेटेनासे झाले, की पहिला संशय प्लगवर, दुसरा कॉइलवर आणि तिसरा मॅपवर (इंजिनाच्या संगणकातल्या इंधन-इग्निशनच्या तक्त्यावर) घेतला जातो. व्हॉल्व्हचे नाव निघेपर्यंत बरेच पैसे आणि बरेच दिवस खर्च झालेले असतात. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. चार प्लग, चार कॉइल आणि एक इंजेक्टर बदलून, शिवाय मॅपमध्ये दोनदा फेरफार करून झाल्यावर, सहाव्या आठवड्यात एकदाचे कॉम्प्रेशन मोजले गेले आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाब टिकतच नाही हे अर्ध्या तासात कळले. त्या सिलिंडरचे दोन्ही इनलेट व्हॉल्व्ह वाकलेले होते. ते मोजमाप पहिल्याच दिवशी करता आले असते.

ज्यांनी आजवर कॉम्प्रेशन गेज हातात धरलेला नाही, पण ज्यांना पाना धरता येतो आणि सर्व्हिस मॅन्युअल वाचण्याचा कंटाळा नाही, अशांसाठी हा लेख आहे. येथे पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे. डिझेल इंजिनात तत्त्वे तीच असली तरी दाबाचे आकडे आणि गेज वेगळे असतात.

## आधी हे समजून घ्या: व्हॉल्व्ह बिघडतो कसा

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो, मिटवण्याचे काम मात्र बहुतेक सर्व इंजिनांत केवळ स्प्रिंगवर सोपवलेले असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यात साठणारी बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच सीटमार्गे हेडमध्ये उतरते, आणि उरलेली दांडीतून गाइडकडे जाते. म्हणून सीटवर नीट न बसणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दाब तर गमावतोच, पण थंड होण्याचा मार्गही गमावतो. एकदा कडेला बारीकशी फट पडली की तिच्यातून जळता वायू वेगाने निसटतो, कडा वितळते, फट रुंदावते आणि शेवटी पाचरीच्या आकाराचा तुकडा जळून जातो. यालाच आपण व्हॉल्व्ह जळणे म्हणतो.

ट्यूनिंगमुळे हा धोका दोन बाजूंनी वाढतो. पहिली बाजू उष्णतेची आहे: बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवला, पण मिश्रण पातळ राहिले, म्हणजे इंधन कमी पडले, किंवा इग्निशन फार मागे ठेवले, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, तर एक्झॉस्ट वायूचे तापमान चढते. इग्निशन मागे ठेवणे हे नॉकपासून (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटण्यापासून) वाचण्याचे साधन असल्यामुळे त्याने इंजिन सुरक्षितच होते असा समज रूढ आहे. वस्तुतः उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जळत असते आणि तो सारा ताप व्हॉल्व्हला आणि टर्बाइनला सोसावा लागतो.

दुसरी बाजू स्प्रिंगची आहे. ३२ मिलिमीटर व्यासाच्या इनलेट व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर भरते, १.५ बार बूस्ट त्याच्या पाठीवर सुमारे १२० न्यूटन, म्हणजे साधारण १२ किलो वजनाइतका जोर लावतो, आणि तो जोर स्प्रिंगच्या विरुद्ध असतो. एक्झॉस्टकडे छोट्या टर्बोला ताणून चालवले असता मॅनिफोल्डमधला उलट दाब बूस्टपेक्षाही जास्त होऊ शकतो. त्यात फेरे वाढवले की व्हॉल्व्हच्या जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मूळ स्प्रिंग मग व्हॉल्व्हला कॅमच्या मागोमाग आणू शकत नाही. व्हॉल्व्ह तरंगतो, सीटवर आपटून उसळतो आणि वेळ फारच वाईट असेल तर वर येणाऱ्या पिस्टनला भेटतो.

## हाताशी काय असावे

कागदपत्रांपासून सुरुवात करा, कारण लोक साधने जमवतात आणि कागद विसरतात. आपल्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल, टायमिंग बेल्ट किंवा चेन कधी बदलली याची नोंद, गाडीत सध्या चालू असलेल्या मॅपची तारीख आणि आवृत्ती, शक्य असल्यास मूळ मॅपची प्रत, बदललेल्या सुट्या भागांची यादी, प्लगचा हीट रेंज (तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो याचा आकडा) आणि वापरलेल्या इंधनाचा ऑक्टेन आकडा, एवढे एका वहीत उतरवून ठेवा.

साधने अशी लागतील:

- कोड आणि चालू आकडे दोन्ही वाचणारा स्कॅनर
- प्लगच्या आट्यांत बसणारा कॉम्प्रेशन गेज
- दोन गेजांचा लीक-डाउन टेस्टर आणि ७ बारपर्यंत हवा देणारा कॉम्प्रेसर
- टोक वळणारा किंवा बाजूचा आरसा असलेला बोरस्कोप (भोकातून आत पाहण्याचा बारीक कॅमेरा)
- व्हॅक्यूम गेज, फिलर गेज आणि टॉर्क पाना
- क्रँकच्या बोल्टला बसणारे सॉकेट
- रबराची मीटरभर नळी, टिश्यू कागद, प्लास्टिकची लांब काडी

शेवटच्या ओळीतल्या वस्तू क्षुल्लक वाटतात, पण निदान बहुतेक वेळा त्यांनीच होते.

## पायरी १: गाडी थांबवा आणि काय घडले ते लिहून काढा

व्हॉल्व्हचा संशय आल्यावर ‘अजून एकदा बूस्ट देऊन पाहू’ हा मोह आवरा. जळका व्हॉल्व्ह प्रत्येक फेरीत अधिक जळतो, आणि पिस्टनला धडकलेल्या व्हॉल्व्हचे डोके तुटले तर त्याचा चुरा पिस्टन, सिलिंडर आणि टर्बाइन यांची एकदमच वाट लावतो.

बिघाड कसा सुरू झाला, हे आठवून लिहा. हळूहळू ताकद कमी होत गेली असेल, तर जळणे, सीट झिजणे किंवा क्लिअरन्स (कॅम आणि व्हॉल्व्हची यंत्रणा यांतली फट) संपणे संभवते. एका क्षणात, गिअर बदलतानाच मिसिंग सुरू झाले असेल, तर वाकलेला व्हॉल्व्ह गृहीत धरूनच पुढे जा. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की चाके इंजिनाला ओढत नेतात. तेथे रेव्ह लिमिटर काहीही करू शकत नाही, कारण तो केवळ इंधन किंवा ठिणगी तोडतो. माझ्याकडून झालेली चूक हीच होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती, कारण गाडी त्यानंतरही व्यवस्थित सुरू झाली होती. इंजिन सुरू होते म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत आहेत, असे मुळीच नाही.

बेल्ट तुटल्याचा किंवा दात सुटल्याचा संशय असेल, तर स्टार्टर मारूच नका. आधी टायमिंगचे कव्हर काढून खुणा जुळतात का ते पाहा आणि नंतरच इंजिन हाताने, हळूहळू फिरवा. मध्येच कठीण अडथळा लागला तर जोर लावू नका.

## पायरी २: कोड आणि लॉग वाचा, पण त्यांच्या अर्थाला मर्यादा आहे हे लक्षात ठेवा

पी०३०० हा अनिश्चित मिसफायरचा कोड आहे; पी०३०१ ते पी०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे आहेत. कोड सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. लॉगमध्ये (गाडी चालताना नोंदवलेल्या आकड्यांत) सर्वाधिक फेरे किती गेले होते, बूस्टमध्ये मिश्रणाचे प्रमाण किती होते, नॉकमुळे इग्निशन किती मागे घेतले गेले आणि, सेन्सर असल्यास, एक्झॉस्टचे तापमान किती होते, हे चार रकाने प्रथम पाहा. पेट्रोलवर पूर्ण बूस्टमध्ये मिश्रण (एक भाग इंधनाला वजनाने हवेचे भाग) साधारणतः ११ ते १२.५ च्या दरम्यान ठेवले जाते. बूस्टमध्येच ते १३ च्या वर गेलेले दिसले तर ती जागा चिन्हांकित करा.

येथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी ट्यूनरही अडकतात. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर इंधन मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे त्याला मिश्रण पातळ दिसते. मग मॅपमध्ये इंधन वाढवले जाते, बाकीचे तीन सिलिंडर अकारण भिजतात आणि दोषी सिलिंडर पूर्वीसारखाच मेलेला राहतो. माझ्या मॅपमधले दोन्ही फेरफार याच गैरसमजातून झाले होते. एक नियम पाळा: मिसफायर चालू असताना घेतलेल्या लॉगवरून मॅप बदलू नये.

केवळ उच्च फेऱ्यांवर आणि पूर्ण बूस्टमध्येच मिसिंग होत असेल, आयडलिंग मात्र गुळगुळीत असेल, तर स्प्रिंग कमी पडत असल्याची शक्यता आहे. पण प्लगची फट मोठी असल्यास ठिणगी विझून अगदी तसेच लक्षण दिसते. प्लगची फट तपासायला पाच मिनिटे लागतात. स्प्रिंगकडे नंतर वळा.

## पायरी ३: ठिणगी आणि इंधन यांना बाजूला काढा

दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर आणि शेजारची दोषी सिलिंडरवर लावा. मिसफायरचा कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा आहे आणि हा लेख तुम्हाला पुढे वाचण्याची गरज नाही. प्लगचीही अशीच अदलाबदल करा. इंजेक्टर बाहेर काढणे खर्चिक आणि, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, धोक्याचेही असते, कारण त्या रेलमधला दाब शंभर बारहून जास्त असतो; म्हणून कॉइल आणि प्लग निर्दोष ठरले की इंजेक्टरकडे न वळता सरळ कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडर दाब धरत नसेल तर इंजेक्टर बदलून काहीही साध्य होणार नाही.

## पायरी ४: व्हॅक्यूम गेज, जमल्यास

इनटेक मॅनिफोल्डला गेज जोडून गरम इंजिन आयडलिंगवर ठेवा. निरोगी इंजिनात काटा समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो, उंचावर तो दर ३०० मीटरला साधारण एका इंचाने कमी दिसतो. ठरावीक अंतराने काटा लयीत खाली झुकत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही असे समजा. मात्र जास्त मुदतीचे (व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारे) कॅम बसवलेले असतील तर आयडलिंगचा व्हॅक्यूम मुळातच कमी आणि थरथरता असतो, तेव्हा या तपासणीत वेळ घालवू नका.

## पायरी ५: कॉम्प्रेशन मोजा

इंजिन चालू स्थितीत असेल तर गरम करून घ्या. इंधन पंपाचा फ्यूज काढा, कॉइल आणि इंजेक्टर यांचे कनेक्टर सोडवा, चारही प्लग काढा आणि बॅटरीला चार्जर लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा असायला हवा. तो मिटलेला राहिला तर सर्व आकडे कमी येतात आणि निष्कारण घाबरायला होते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत सोबत्याला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि पाकळी खरोखर उघडते का ते डोळ्यांनी पाहा.

प्रत्येक सिलिंडरवर सारखेच, पाच किंवा सहा ठोके पडू द्या. केवळ शेवटचा आकडा लिहू नका, पहिल्या ठोक्याचाही लिहा. चांगला सिलिंडर पहिल्याच ठोक्याला निम्म्याहून वर चढतो. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर सुरुवात कमी होते, पण दाब ठोक्याठोक्याने साठत जातो; व्हॉल्व्ह गळत असेल तर सुरुवातही कमी होते आणि पुढे फारसा वाढतही नाही.

टर्बो पेट्रोल इंजिनात शेवटचा आकडा सामान्यतः १३० ते १८० पीएसआयच्या दरम्यान येतो, परंतु कॉम्प्रेशन रेशो, कॅमची मुदत, उंची आणि गेज यांनुसार तो बदलतो. म्हणून परक्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका, चारही सिलिंडरची आपापसांत करा. सर्वाधिक आणि सर्वात कमी आकड्यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर कारण शोधलेच पाहिजे. माझ्याकडे १६०, १५८, ४५ आणि १६२ असे आकडे आले होते. एवढा स्पष्ट निकाल सर्वांच्या नशिबी नसतो. जळणे नुकतेच सुरू झाले असेल तर १२५ सारखा संदिग्ध आकडाही येतो.

शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर त्यांच्या मधल्या हेड गास्केटवर संशय घ्या. चारही सारख्याच प्रमाणात कमी असतील तर व्हॉल्व्ह एकेकटे जळलेले नसून टायमिंग सरकले असण्याची शक्यता अधिक.

त्यानंतर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटरच्या आसपास, इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय चढला तर रिंगा. हलला नाही तर व्हॉल्व्ह. ऑइल जास्त ओतू नका, कारण त्याने जागाच भरून जाते आणि खोटा आकडा वाढतो. आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात ऑइल रिंगभोवती सगळीकडे पसरत नाही, त्यामुळे तेथे या चाचणीवर विसंबू नये.

## पायरी ६: लीक-डाउन, जिथे खरे उत्तर मिळते

कॉम्प्रेशनमुळे दाब जातो हे कळते. तो कुठून जातो हे लीक-डाउनमुळे कळते. यात सिलिंडर मिटलेला ठेवून बाहेरून हवा भरायची आणि ती कोठून निसटते ते ऐकायचे असते.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्याच्या माथ्यावर हवा. प्लगच्या भोकात प्लास्टिकची काडी धरून क्रँक हाताने फिरवा. काडी वर चढून थांबते ती जागा माथा. पण चार ठोक्यांच्या इंजिनात पिस्टन दोनदा माथ्यावर येतो. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. मी पहिल्यांदा नेमका त्याच माथ्यावर हवा भरली आणि जवळपास १०० टक्के गळती पाहून चांगल्या सिलिंडरलाही मोडीत काढले होते. भोकावर बोट ठेवून क्रँक फिरवा. माथ्याकडे येताना हवा बोटाला रेटत असेल तर तो कॉम्प्रेशनचा माथा आहे.

हवा सोडण्यापूर्वी क्रँकच्या बोल्टवरचा पाना काढून घ्या. पिस्टन माथ्यापासून जरा जरी सरकलेला असेल तर हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो आणि पाना हाताला किंवा रेडिएटरला बसतो. दाब शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. कॉम्प्रेशन गेजची नळी टेस्टरला लावणार असाल, तर तिच्या टोकाशी असलेली एकमार्गी बारीक झडप आधी काढा, अन्यथा काटा काहीही दाखवेल.

गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० टक्क्यांपर्यंत चालण्याजोगी आणि ३० च्या वर असेल तर दोष निश्चित, असा ढोबळ हिशेब धरतात. टेस्टरच्या आतले भोक प्रत्येक संचात वेगळ्या मापाचे असल्यामुळे येथेही आपापसांतली तुलनाच महत्त्वाची. आकड्यापेक्षा आवाजाला महत्त्व द्या:

- थ्रॉटलमधून फुसफुस येत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह
- एक्झॉस्टमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह
- ऑइल भरण्याच्या तोंडातून येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर
- कूलंटमध्ये बुडबुडे दिसत असतील तर हेड गास्केट किंवा तडा

आता टर्बो गाडीतले दोन घोटाळे. पहिला असा की क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, क्रँक असलेल्या भागाची) हवा ब्रीदरच्या नळीतून इनटेक मॅनिफोल्डकडे किंवा टर्बोच्या तोंडाकडे जाते. रिंगांतून निसटलेली हवा त्या वाटेने इनटेकमध्ये येते आणि इनलेट व्हॉल्व्ह गळतो आहे असे वाटते. म्हणून थ्रॉटलपाशी येणारा बूस्ट पाइप सोडवा, ब्रीदरची नळी काढून तिची तोंडे बंद करा आणि ऑइलचे झाकण उघडे ठेवा. दुसरा घोटाळा आवाजाचा: टर्बाइन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर पार करून नळकांड्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत गळतीचा आवाज विरून जातो. त्यासाठी इंजिनाजवळचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकाशी रबरी नळीचे एक टोक धरा आणि दुसरे कानाशी.

याहून सोपी युक्तीही आहे, आणि ती मला फार आवडते. १-३-४-२ असा फायरिंग क्रम असलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, तिसऱ्याचा इनलेट नुकताच मिटत असतो आणि दुसऱ्याचा एक्झॉस्ट उघडलेला असतो. चारही प्लग काढलेले असल्यामुळे गळलेली हवा मॅनिफोल्डमधून फिरून या भोकांतून बाहेर येते. भोकांवर टिश्यूच्या पट्ट्या धरा: दुसऱ्यावरची पट्टी फडफडली तर पहिल्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे; दुसऱ्यावरची शांत आणि तिसऱ्यावरची किंवा चौथ्यावरची फडफडली तर इनलेट. दुसऱ्या सिलिंडरची तपासणी करताना हाच क्रम फिरवून घ्यावा.

गळती आढळली तरी लगेच निकाल देऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनलेट व्हॉल्व्हवर इंधनाचा फवारा पडत नसल्याने त्यांच्या पाठीवर कार्बन साठतो आणि त्याची कपची सीटवर अडकू शकते. व्हॉल्व्ह कव्हर काढून, दांडीच्या वरच्या टोकावर लाकडी दांडक्याने हलकेच टिचकी मारून व्हॉल्व्ह क्षणभर उघडू द्या आणि पुन्हा मोजा. पिस्टन माथ्यावर असताना हे करू नका, क्रँक आधी थोडा फिरवून पिस्टन खाली घ्या. कपची उडाली तर आकडा सुधारतो. वाकलेला व्हॉल्व्ह मात्र कितीही टिचक्या मारल्या तरी बधत नाही.

## पायरी ७: बोरस्कोपने आत पाहा

पिस्टनचा माथा प्रथम पाहा. व्हॉल्व्ह धडकला असेल तर कार्बनच्या काळ्या थरात चंद्रकोरीसारखी, चकचकीत आणि धारदार कडांची खूण दिसते. पिस्टनवर कारखान्यातूनच व्हॉल्व्हसाठी खोबणी कोरलेल्या असतात; नवखे लोक त्यांनाच धडकेच्या खुणा समजतात. खोबणीच्या आतही कार्बनचा सलग थर असेल तर काळजी नाही.

नंतर क्रँक हाताने फिरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा आणि बोरस्कोपचे टोक वळवून त्याची कडा पाहा. निरोगी व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळे मध्यापासून कडेपर्यंत सारखी असतात. एकाच बाजूला रंग फिका, कडा पातळ किंवा खाच पडलेली दिसली, तर तेथून वायू निसटत होता. पिस्टनच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे असतील आणि प्लगच्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके दिसत असतील, तर नॉकने पिस्टनचेच ॲल्युमिनियम उडाले आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून काम भागणार नाही.

## पायरी ८: व्हॉल्व्ह कव्हर काढून क्लिअरन्स मोजा

थंड इंजिनावर, कॅमची टोके व्हॉल्व्हपासून दूर असताना फिलर गेजने क्लिअरन्स घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडा. क्लिअरन्सच्या बदलाची दिशा बरेच काही सांगते. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसला की दांडीचे टोक कॅमकडे सरकते आणि क्लिअरन्स कमी होतो; तो शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि जळायला लागतो. उलट वाकलेला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा लटकतो, टोक खाली राहते आणि क्लिअरन्स वाढतो. माझ्या तिसऱ्या सिलिंडरवर दोन्ही इनलेटचा क्लिअरन्स इतर सहांपेक्षा ठळकपणे जास्त होता, आणि हेड उतरवायला हवे याबद्दलची माझी उरलीसुरली शंका तेथे संपली.

हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने ही फट आपोआप भरून काढणारे) असतील तर ते हा फरक गिळून टाकतात, त्यामुळे मोजण्यासारखे काही उरत नाही. तरीही स्प्रिंग तुटलेली आहे का, एखादा रिटेनर (स्प्रिंगच्या वरची चकती) शेजाऱ्यांपेक्षा खाली बसला आहे का, हे पट्टी आडवी धरून पाहता येते.

## पायरी ९: हेड उतरवल्यावर

कॉम्प्रेशन, लीक-डाउन आणि बोरस्कोप ही तिन्ही एकाच सिलिंडरकडे बोट दाखवत असतील तेव्हाच हेड उतरवा. व्हॉल्व्ह, शिम (क्लिअरन्स जुळवणाऱ्या चकत्या) आणि टॅपेट जेथून निघाले तेथेच परत जातील अशा खुणा करून ठेवा.

स्प्रिंगा काढण्यापूर्वी हेड उलटे ठेवा, प्लग लावा, ज्वलनकक्षात थोडा पातळ सॉल्व्हंट ओता आणि पोर्टमध्ये पाहा. हळूहळू ओलसर होणे चालते. धार लागली तर तो व्हॉल्व्ह दोषी. जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. त्यानंतर व्हॉल्व्ह बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर फिरवा आणि डायल गेजने दांडीची वक्रता मोजा, कारण थोडासा वाक डोळ्यांना दिसत नाही.

वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून देतो असे म्हणणारा माणूस भेटला तर नम्रपणे नकार द्या. लॅपिंग पेस्ट घासून वाक जात नाही, सीट मात्र विनाकारण झिजते. धडकलेल्या व्हॉल्व्हचे गाइडही तपासायला सांगा. तडा गेलेल्या गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे तेच काम पुन्हा करणे. बऱ्याच टर्बो इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि तिच्यात सोडियम असते. पाण्याशी संबंध येताच सोडियम पेट घेतो, त्यामुळे असा व्हॉल्व्ह कापू नका, भोक पाडू नका आणि भंगारात साध्या लोखंडाबरोबर टाकू नका.

व्हॉल्व्हचा तुकडा तुटलेला असेल तर तो सापडेपर्यंत शोध थांबवू नका. एक्झॉस्टचा तुकडा टर्बाइनच्या पात्यांतून गेलेला असतो. इनलेटचे कण उलटे मॅनिफोल्डमध्ये उडून दुसऱ्या सिलिंडरची वाट पाहत बसतात.

## पायरी १०: कारण निश्चित केल्याशिवाय इंजिन बांधू नका

जळका व्हॉल्व्ह असेल तर लॉगमधली चिन्हांकित जागा पुन्हा उघडा: त्या सिलिंडरचा इंजेक्टर कमी इंधन देत होता का, इग्निशन किती मागे होते, इंधन पंप पूर्ण बूस्टमध्ये दाब राखत होता का. सगळे व्हॉल्व्ह थोडेथोडे भाजलेले असतील तर मॅपकडे पाहा. एकच भाजला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, क्लिअरन्स किंवा सीट यांकडे. वाकलेला असेल तर सर्वाधिक फेऱ्यांचा आकडा आणि टायमिंगच्या खुणा पुरेशा बोलक्या असतात. फेऱ्यांची मर्यादा मूळापेक्षा वाढवलेली असेल आणि स्प्रिंगा मूळच्याच असतील, तर दोहोंपैकी एक बदलावेच लागेल.

बांधणी झाल्यावर हायड्रॉलिक टॅपेट नवे असतील तर किमान अर्धा तास क्रँक फिरवू नका. ऑइलने फुगलेले टॅपेट व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवतात आणि ते पिस्टनला लागू शकतात. त्यानंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा पुन्हा जुळवा आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधीच कॉम्प्रेशन मोजा. माझे आकडे १६१, १६३, १६० आणि १६२ असे आले. ते तारखेसह लिहिलेला कागद मी सर्व्हिसच्या वहीत चिकटवला आहे, आणि मॅपमध्ये पुढचा बदल करायला गाडी नेली तेव्हा ट्यूनरच्या हाती सर्वात आधी तोच दिला.